गाडी चोरीला जाऊ नये म्हणून, आणि गेलीच तर

जप्त केलेल्या दुचाक्यांची रांग, मागे तोंडावर काळे बुरखे चढवून उभी केलेली दोन-तीन पोरे आणि दोन्ही बाजूंना गुन्हे शाखेचे पथक, हा फोटो आपल्याकडच्या जिल्हा पानांवर हमखास दिसतो. खालची बातमीही ठरलेली असते. ‘बनावट चावीचा वापर’, ‘हॅन्डल लॉक तोडून’, ‘मौजमजेसाठी’, ‘पेट्रोल संपले की गाडी तिथेच सोडून दुसरी उचलायचे’. आपण ती हसून सोडून देतो. खरे तर गाडी कशी सांभाळावी याचे निम्मे शिक्षण त्या चार ओळींत आहे. चोराला कमजोर कुलूप हवे असते, अंधार हवा असतो, आणि तुमचीच गाडी पाहिजे असा त्याचा हट्ट बहुतेक वेळा नसतो. रांगेतली सगळ्यात सोपी गाडी तो उचलतो. ती तुमची नसावी, एवढीच आपली खटपट.

पायरी १: आधी चोर कोणता ते ठरवा

दुकानात जाऊन महागडे कुलूप घेण्यापूर्वी आपल्या गाडीवर कोणाची नजर असणार याचा विचार करा. ढोबळमानाने तीन जाती आहेत.

पहिला मौजमजेवाला. कॉलेजच्या वयाचा, बऱ्याचदा अल्पवयीन. त्याला गाडी विकायची नसते, फिरवायची असते. मूर्खपणाचे बहुतेक किस्से याचेच. चोरलेल्या दुचाकीवर हेल्मेट न घालता सिग्नल तोडतो आणि त्याच्या फोटोसकट ई-चलान मूळ मालकाच्या मोबाइलवर येते. चोरीच्या गाडीवर बसून रील बनवतो. ज्या गल्लीतून गाडी उचलली त्याच गल्लीत आठवड्याने मित्राला घेऊन येतो.

दुसरा विकणारा. शहरातून दुचाकी उचलायची, नंबर प्लेट बदलायची आणि दूरच्या तालुक्यात ‘फायनान्स कंपनीने ओढून आणलेली गाडी आहे, कागदपत्रे महिन्याभरात देतो’ असे सांगून दहा-पंधरा हजारांत कोणाच्या तरी गळ्यात मारायची. गिऱ्हाईक मिळाले नाही तर भंगारात सुटे भाग.

तिसरा ऑर्डरवाला. त्याला ठराविक मॉडेलची एसयूव्ही हवी असते, गाडीच्या संगणकाशी बोलणारे यंत्र त्याच्याजवळ असते आणि चॅसिस नंबर बदलून देणारा माणूस ठरलेला असतो. हा क्वचित भेटतो, पण भेटला तर साधे कुलूप त्याला काही मिनिटेच अडवते.

साधी स्कूटर असेल तर पहिल्या दोघांचा बंदोबस्त केला की पुरे. वीस लाखांची गाडी असेल तर तिसऱ्याचाही करायला हवा. उपाय उलटे झाले की पैसा वाया जातो.

अमेरिकेतले उदाहरण इथे बोलके आहे. किआ आणि ह्युंदाईच्या तिथे विकलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये इमोबिलायझर नव्हता. इमोबिलायझर म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी व्यवस्था. २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना तो होता, या दोघांच्या फक्त २६ टक्के गाड्यांना. युरोपात नव्या गाड्यांना तो १९९८ पासून सक्तीचा होता, अमेरिकेत सक्ती कधी झालीच नाही. मग २०२१-२२ च्या सुमारास पोरांना शोध लागला की स्टिअरिंगखालचे झाकण उचकटले की यूएसबी केबलच्या टोकाने गाडी सुरू होते. त्यांनी त्याचे व्हिडिओ टिकटॉकवर टाकले, स्वतःच्या चेहऱ्यासकट. चोर मूर्ख होते, तरी गाड्या हजारोंनी गेल्या. कंपन्यांना २०२३ मध्ये मोफत सॉफ्टवेअर दुरुस्ती आणावी लागली, आणि त्याच्या जोडीला वाटले काय, तर स्टिअरिंगला अडकवायचे जुन्या पद्धतीचे लोखंडी दांडे. संगणकाच्या भोकाला लोखंडाचे बूच.

पायरी २: चावी

सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो.

घरात चाव्या किती आहेत ते आजच मोजा. नवी गाडी दोन चाव्यांसह येते. दुसरी कुठे आहे हे सांगता येत नसेल तर ती चोराकडे आहे असे समजून वागा. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, आणि एकच हजर केली की संशयाची सुई तुमच्याकडे वळते. हरवलेल्या चावीची पोलिसांत नोंद करून ठेवलेली असेल तर तो कागद तेव्हा कामाला येतो. जुनी कार घेतली असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन आधीच्या चाव्यांची नोंद गाडीच्या संगणकातून पुसून घ्या. आधीच्या मालकाच्या भाच्याकडे एखादी राहिलेली असते.

दुचाकीचे दुखणे वेगळे. आठ-दहा वर्षांच्या स्कूटरचे कुलूप इतके झिजते की शेजाऱ्याची चावीही लागते. अशा वेळी पूर्ण लॉकसेट बदलून घ्या. रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून नक्कल काढून घेताना चावी त्याच्यापाशी सोडून चहाला जाऊ नका.

आता सवयी. पानटपरीसमोर, दूध घेताना, एटीएमच्या दारात इंजिन चालू ठेवून उतरणे पूर्ण बंद. सोसायटीत मागची गाडी काढता यावी म्हणून चावी वॉचमनच्या खोलीतल्या खिळ्याला टांगायची पद्धत असेल तर त्या खिळ्यावर नजर ठेवणारेही असतात. हॉलमधले व्हॅले पार्किंग असेल तर पावती घ्या, घराची चावी त्याच जुडग्यात ठेवू नका.

रिमोटने लॉक केल्यावर दाराचा हँडल हाताने ओढून पाहा. स्वस्तातला सिग्नल जॅमर घेऊन एखादा जवळ उभा असेल तर तुम्ही बटण दाबता आणि गाडी उघडीच राहते. ‘साहेब, गाडीखाली ऑइल गळतंय’ किंवा ‘तुमचे पैसे पडलेत’ असे कोणी काचेवर टकटक करून सांगितले तर आधी इंजिन बंद, चावी खिशात, काचा वर, दारे लॉक, मग उतरा. बहुतेक वेळा बॅग जाते, पण चावी आत राहिली तर गाडीही जाऊ शकते.

गाडी विकायला काढली असेल तर ‘ट्रायल घेण्याच्या बहाण्याने’ ही बातमीतली ओळ आठवा. गिऱ्हाईक नीटनेटके कपडे घालून येते, कागदपत्रे तपासते, चहाही घेते, आणि ‘एक चक्कर मारून येतो’ म्हणून जाते. ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन समाधान मानू नका, ती खोटी असते. दुचाकी तुम्ही चालवा, त्याला मागे बसवा. हवीच असेल तर बंद फाटकाच्या आवारात चक्कर मारू द्या. कारमध्ये शेजारी तुम्ही आणि मागे घरातले आणखी कोणी.

पायरी ३: उभी कुठे आणि कशी करायची

हे थोडक्यात आटोपते. उजेड, वर्दळ आणि कॅमेरा, या तीनपैकी दोन गोष्टी जिथे आहेत तिथे गाडी लावा. कॅमेरा चालू आहे का ते सोसायटीच्या सचिवांना विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी डबा असतो आणि रेकॉर्डिंग नसते. रेल्वे स्थानकाबाहेर, रुग्णालयाबाहेर, परीक्षा केंद्राबाहेर गाडी काही तास हलणार नाही हे चोराला ठाऊक असते, तिथे पावती देणाऱ्या वाहनतळाचे पैसे वाचवू नका. कारची पुढची चाके फुटपाथकडे वळवून ठेवा, ओढून नेणे अवघड जाते. गावी जाताना सोसायटीत गाडी ठेवणार असाल तर तिच्यापुढे शेजाऱ्याची गाडी लावून घ्या. काचेजवळ लॅपटॉपची बॅग, पर्स, आणि हो, रिकामी बॅगसुद्धा ठेवू नका.

पायरी ४: लोखंड

दिसणाऱ्या कुलपाची ताकद मुख्यतः दिसण्यातच असते. पश्चिम जर्मनीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या-जुन्या सगळ्याच गाड्यांना स्टिअरिंग लॉक सक्तीचे केले आणि चोऱ्या घसरल्या त्या घसरल्याच. ब्रिटनने १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना ते लावले. तिथे चोर सरळ जुन्या गाड्यांकडे वळले. म्हणजे तुमचे कुलूप पाहून चोर शेजारच्या गाडीकडे जातो. शेजाऱ्याबद्दल वाईट वाटत असेल तर सोसायटीने एकगठ्ठा कुलपे घ्यावीत, भावही बरा मिळतो.

कारसाठी आपल्याकडे गिअर लॉक चांगले चालते. गिअरचा दांडा रिव्हर्समध्ये अडकवून ठेवणारे हे कुलूप गाडीच्या चौकटीला बोल्टने पक्के केलेले असावे आणि बोल्टची डोकी बसवल्यावर तोडलेली असावीत, म्हणजे पान्याने उघडत नाही. स्टिअरिंगवर आडवा लावायचा दांडा लांबून दिसतो ही त्याची जमेची बाजू. खोट अशी की स्टिअरिंगचे चाक स्वतः मऊ असते, अनुभवी चोर दांडा सोडून चाकच कापतो. मौजमजेवाल्याकडे करवत नसते, ऑर्डरवाल्याकडे असते. साध्या गाडीला हा दांडा पुरतो.

दुचाकीचे हॅन्डल लॉक म्हणजे सुरुवात फक्त. पायाने जोरात हिसका दिला की ते तुटते. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक घ्या, पण त्याला हॅन्डलपर्यंत येणारी रंगीत आठवण-दोरी हवीच. ती नसली तर सकाळी घाईत तुम्हीच गाडी सुरू करून आपटता. साखळी लावताना तीन गोष्टी पाहा. ती पुढच्या चाकातून नको, कारण चाक काढून बाकीची गाडी टेम्पोत चढवता येते. मागच्या चाकातून आणि चौकटीतून घ्या. दुसरे टोक ग्रिल, खांब, जमिनीत पुरलेली कडी अशा न हलणाऱ्या वस्तूला. आणि साखळी जमिनीवर लोळत नको, कारण खाली फरशीचा आधार मिळाला की हातोड्याने कुलूप फुटते. आधाराला काहीच नसेल तर घरातल्या दोन दुचाक्या एकमेकींना बांधा. बाजारात मिळणारी प्लास्टिकच्या नळीतली बारीक तार हेल्मेट सांभाळायला ठीक आहे, गाडी सांभाळायला नाही.

पायरी ५: वायरिंग आणि लहरी

छुपा कट-ऑफ स्विच हा माझ्या मते पैशाच्या मानाने सर्वांत चांगला उपाय. तो स्टार्टरवर न बसवता इंधनपंपाच्या रिलेवर, म्हणजे पंपाला वीज देणाऱ्या स्विचवर, बसवा. स्टार्टर बंद केला तर चोराला लगेच कळते की कुठेतरी बटण आहे, आणि तो शोधतो. इंधनपंप बंद असला की गाडी सुरू होते, क्षणभर घरघरते आणि बंद पडते. चोराला वाटते गाडीच खटारा आहे. मात्र काम जाणकार ऑटो-इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. सैल जोड राहिला तर गाडी घाटात बंद पडेल. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि बटण डॅशबोर्डखाली डावीकडे नको, सगळे तिथेच बसवतात.

बटण दाबून सुरू होणाऱ्या, चावी खिशातच ठेवायच्या गाड्यांना दुसरा धोका आहे. एक चोर तुमच्या दाराशी उभा राहून आतल्या चावीचा सिग्नल पकडतो, दुसरा गाडीजवळ तो पुढे सोडतो, गाडीला वाटते मालक आला. उपाय स्वस्त आहे: सिग्नल अडवणारी पिशवी. घरी आणल्यावर चावी तिच्यात घालून गाडीच्या दाराशी उभे राहा आणि उघडते का पाहा. उघडली तर पिशवी परत करा. चिवड्याचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाही अनेकदा चालतो, पण तोही असाच तपासून. चावी मुख्य दाराजवळच्या खुंटीवर नको, आतल्या खोलीत ठेवा. काही गाड्यांत ही सोय सेटिंगमधून बंद करता येते, पुस्तिकेत शोधा.

याच्या पुढची पायरी लंडनमध्ये दिसली. तिथल्या एका मोटार-सायबरसुरक्षा तज्ज्ञाच्या टोयोटाचा बंपर आणि हेडलाइटची वायर २०२२ मध्ये कोणीतरी उचकटून ठेवली. त्याला वाटले टवाळ पोरांचा उद्योग. पुढे गाडीच गेली. चोरांनी हेडलाइटच्या वायरमधून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात शिरून ‘चावी आली आहे’ असा खोटा निरोप घातला होता. यातून घ्यायचे ते एवढेच की हेडलाइट किंवा बंपर विनाकारण सुटलेला दिसला तर त्या रात्री गाडी तिथे ठेवू नका. महागड्या गाडीला स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टचे, म्हणजे मेकॅनिक आपला संगणक जोडतो त्या खाचेचे, कुलूपही बसवून घ्या, कारण नव्या चाव्या तिथूनच तयार करतात.

जीपीएस ट्रॅकर आता काही हजारांत मिळतो. तो चोरी थांबवत नाही, गाडी सापडायला मदत करतो. घेताना आत स्वतःची बॅटरी आहे का ते पाहा, नाहीतर गाडीच्या बॅटरीची वायर काढली की तो गप्प. इंजिन सुरू झाल्याचा आणि ठरवलेल्या हद्दीबाहेर गेल्याचा अलर्ट चालू करा. सिमचा रिचार्ज कोणत्या तारखेला संपतो ते कॅलेंडरवर लिहा. निम्मे ट्रॅकर याच कारणाने झोपलेले असतात असा माझा संशय आहे. मुरलेले चोर गाडी उचलून लगेच लांब नेत नाहीत. एखाद्या मोठ्या वाहनतळावर दोन-तीन दिवस सोडून देतात, कोणी शोधत येते का ते बघतात. ते दोन-तीन दिवस तुमचे.

ट्रॅकरचे स्टिकर लावावे का? दुचाकीला आणि साध्या कारला लावा. महागड्या गाडीला नको, तिसऱ्या जातीचा चोर ते वाचून यंत्र शोधायला लागतो. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये लोजॅक नावाचे छुपे रेडिओ यंत्र आले, त्याचे बाहेरून कोणतेही चिन्ह नसे. एअर्स आणि लेव्हिट या अभ्यासकांनी १९९८ मध्ये दाखवले की त्यामुळे शहरातल्या सगळ्याच गाड्यांच्या चोऱ्या कमी झाल्या, कारण कोणत्या गाडीत ते आहे हे चोराला कळायला मार्ग नव्हता.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पोलिसांनी २००२ पासून याच अनिश्चिततेचा सापळा केला. कॅमेरे आणि ट्रॅकर बसवलेल्या गाड्या रस्त्यावर सोडायच्या, चोर आत बसला की दुरून इंजिन बंद करायचे. ‘बेट कार’ म्हणजे आमिषाची गाडी. आत बसून बडबडणाऱ्या चोरांची चित्रफीत लोकांना दाखवली, तोच प्रचार झाला. कॅनडातल्याच विनिपेगमध्ये चोऱ्या इतक्या वाढल्या होत्या की तिथल्या सरकारी विमा महामंडळाने धोक्याच्या गाड्यांना इमोबिलायझर फुकट बसवून दिले आणि मग ते सक्तीचे केले.

पायरी ६: गाडीची ओळख न पुसता येईल अशी करा

चॅसिस नंबर १७ अक्षरांचा असतो, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात. तो सगळ्या काचांवर कोरून घ्या. चोराला नंबर प्लेट बदलायला पाच मिनिटे लागतात, सहा काचा बदलायला पैसे लागतात. काही विक्रेते गाडी देतानाच हे करून देतात.

१ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट आहे, जुन्यांनाही राज्यात ती सक्तीची झाली. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि ती एकदाच बसणाऱ्या लॉकने जोडतात, काढली की लॉक तुटते. साध्या प्लेटची गाडी नाकाबंदीत उठून दिसावी हा तिचा उपयोग. त्याऐवजी ‘दादा’ दिसेल अशी अक्षरे रंगवून घेणारे चोराचे काम सोपे करतात.

गाडीचे चारी बाजूंनी फोटो, ओरखडे, सीटवरचा डाग, आत लावलेल्या गणपतीची मूर्ती, असे सगळे टिपून ठेवा. कागदपत्रांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये, मूळ आरसी घरात.

घरगुती उपाय: कोणते चालतात

फ्यूज काढून खिशात घेणे, गावी जाताना बॅटरीची वायर सोडवून ठेवणे, जुन्या मोटारसायकलचा पेट्रोल कॉक बंद करणे, हे तिन्ही चालतात. कॉक बंद असलेली गाडी काही अंतरावर बंद पडते आणि चोर ती ढकलत बसत नाही. डॅशबोर्डवर लुकलुकणारा खोटा लाल दिवाही रात्री बरा दिसतो. अमेरिकेत हाताने गिअर टाकायची गाडी हेच एक कुलूप आहे, क्लच माहीत नसल्याने गाडी सोडून पळालेल्या चोरांच्या बातम्या तिथे येत असतात. आपल्याकडे तो आधार नाही.

खासगी गाडीवर ‘पोलीस’ पाटी लावणे चालत नाही, कारवाई तुमच्यावर होईल. गाडीच्या पत्र्यात विजेचा प्रवाह सोडणारे महाभाग असतात. चोराआधी शेजारचे मूल किंवा कुत्रे हात लावते, आणि मनुष्यवधाचा गुन्हा तुमच्या नावावर लागतो. या जातीतला सर्वांत भव्य उपाय दक्षिण आफ्रिकेतला. चार्ल फूरी यांनी १९९८ मध्ये ‘ब्लास्टर’ काढला, म्हणजे दाराखालून हल्लेखोरावर आगीचा लोळ सोडणारे यंत्र. दुसऱ्याच वर्षी त्याला इग नोबेल हा गमतीदार संशोधनाचा पुरस्कार मिळाला, तोही शांततेचा. लिंबू-मिरचीबद्दल मला काही म्हणायचे नाही. लावा, पण गिअर लॉकही लावा.

गाडी गेलीच तर: पहिला तास

आधी ती टोइंगवाल्यांनी उचलली नाही ना ते वाहतूक पोलिसांकडे विचारा. हप्ते थकले असतील तर फायनान्स कंपनीलाही फोन करा. घरात पोरगा घेऊन गेला नाही ना तेही. मग ११२ ला फोन करा. नंबर, रंग, ओळखीची खूण, शेवटची वेळ सांगा, म्हणजे नाकाबंदीला निरोप जातो.

लगेच पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवा. नुसता तक्रारअर्ज देऊन, शिक्का मारून परत येऊ नका, एफआयआर पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणाची हे न पाहता गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास एक ते पाच वर्षे.

ट्रॅकरवर गाडी दिसत असली तरी एकटे मागे जाऊ नका, ठिकाण पोलिसांना द्या. फास्टॅग घाईने बंद करू नका. चोर टोलनाक्यातून गेला की मेसेज तुम्हालाच येतो, आणि मूर्ख चोर जातोच. पोलिसांना विचारून मगच बंद करा. ई-चलानचे संकेतस्थळही रोज पाहा, नवा फोटो आला असेल. आजूबाजूच्या दुकानांचे कॅमेरे त्याच दिवशी पाहून घ्या, कारण जुने रेकॉर्डिंग आपोआप पुसले जाते.

विमा

आधी पॉलिसी उघडा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरणारा, घ्यावाच लागतो, पण चोरीची भरपाई ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागातून मिळते आणि तो बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. ‘पाच वर्षांचा विमा काढलाय’ म्हणून निर्धास्त असलेल्या दुचाकीमालकांना हे चोरीनंतर कळते. पावतीवर दोन्ही तारखा वेगळ्या छापलेल्या असतात.

भरपाई आयडीव्हीइतकी, म्हणजे घसारा वजा जाता पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीइतकी. चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. नव्या गाडीला ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे पुरवणी संरक्षण घेतले तर बिलाइतकी रक्कम मिळते. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी साधन बसवले तर ओन डॅमेज हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट आहे. फार नाही, पण प्रमाणपत्र जपून ठेवा.

कंपनीला त्याच दिवशी कळवा, मेलने, पुरावा राहील असे. उशीर झालाच तर हेही लक्षात ठेवा: एफआयआर तातडीने केला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०२० मध्ये ठरवले. चावी गाडीतच राहिलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात २०२३ मध्ये न्यायालयाने ७५ टक्के भरपाई दिली, पण त्यासाठी मालकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

एक फसवा प्रकार वेगळा समजून घ्या. ‘तुमची गाडी कंपनीत भाड्याने लावतो, महिन्याला इतके देतो’ म्हणून कोणी गाडी नेली आणि गहाण टाकली, तर कायद्याच्या भाषेत ती चोरी नसून विश्वासघात आणि फसवणूक असते. तुम्ही स्वतः चावी दिलेली असते, त्यामुळे विमा कंपनी हात वर करते.

गाडी सापडली नाही तर पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. दावा याच कागदावर अडतो, तेव्हा तपास अधिकाऱ्याकडे पाठपुरावा ठेवा. जोडीला आरसी, दोन्ही चाव्या, सही केलेले फॉर्म २८, २९, ३०, कर्ज असेल तर बँकेचे पत्र. आरटीओलाही लेखी कळवा, म्हणजे गाडी कोणाच्या नावावर चढत नाही.

सेकंडहँड घेताना

‘कागदपत्रे नंतर’ म्हणणाऱ्याची गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. चॅसिस आणि इंजिन नंबर स्वतः वाकून पाहा, बोट फिरवा. घासलेले, पुन्हा ठोकलेले लगेच कळते. एमपरिवहन ॲपवर नंबर टाका, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत गाडी चोरीची नाही ना ते तपासा. विमा कंपनीने पूर्ण नुकसान ठरवून दावा दिलेली, चेंदामेंदा झालेली गाडी कागदांसाठी विकत घ्यायची आणि तिचा नंबर चोरीच्या तशाच गाडीवर चढवायचा, हा जुना धंदा आहे. म्हणून विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मागा.

आणि गाडी सापडली तर

सापडलेली गाडी ‘मुद्देमाल’ होते आणि ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी राहते. वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करून ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करू या लेखी हमीवर, सोडवून घ्या. वाहने ठाण्यात सडत ठेवू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. दाव्याचे पैसे आधीच मिळाले असतील तर गाडी विमा कंपनीची. ताब्यात घेताना पंचनामा वाचा, डिकी आणि सीटखाली नीट पाहा, चोराचे काही सामान निघाले तर हात न लावता पोलिसांना दाखवा. लॉकसेट बदला, कारच्या चाव्यांची नोंद पुसून नवी घ्या. शेवटी आरटीओत आणि पोलिसांच्या नोंदीत ‘चोरीची’ हा शेरा काढून टाकल्याचे लेखी घ्या आणि तो कागद गाडीत ठेवा. नाहीतर पुढच्या नाकाबंदीत नंबर तपासणारा हवालदार तुम्हालाच बाजूला घेईल.